टेपमधली घुमण आणि बांदोड्याची पेटी

जुन्या टेप डिजिटल करून देण्याचे काम मी फोंड्यात बरीच वर्षे करीत आहे. पावसाळ्यात आलेल्या कॅसेटची आधी बुरशी काढायची आणि मग गाणे ऐकायचे, हा गोव्यातला ठरलेला क्रम आहे. त्या जुलैत आलेल्या दोन कॅसेटही पांढऱ्या पडल्या होत्या. मात्र त्या घेऊन आलेले गृहस्थ स्वतः गाणी लिहून, चाली बांधून गाणारे नावाजलेले गायक होते. मी त्यांना काका म्हणतो. १९८६ साली त्यांनी बांदोड्याच्या घरी संथ, हळुवार पॉप गाण्यांचा एक अल्बम ध्वनिमुद्रित केला आणि तो तसाच कपाटात राहिला. घरच्या घरी अल्बम करणे तेव्हाच्या गोव्यात अपूर्व नव्हते. रेमो फर्नांडिस यांचा १९८४ सालचा ‘गोअन क्रेझी’ही शिवोलीच्या घरातच तयार झाला होता.

काकांच्या गाण्यांत ढोल नाहीत की मोठा वाद्यमेळ नाही. एक गिटार, दोन गाण्यांत मागे धरलेली पेटी आणि शेजारी बसून सांगितल्यासारखा आवाज, एवढाच काय तो ऐवज. अशा संगीतात लपायला जागा नसते. आवाज जरासा हलला तरी सारे गाणे हलते.

टेप वाजवून पाहिली तेव्हा गिटार प्रमाण सुराच्या किंचित खाली बोलत होती. म्हणून मी गाण्याखालची विजेची घुमण मोजली. आपल्याकडे विजेच्या प्रवाहाची वारंवारिता ५० हर्ट्‌झ असते आणि यंत्रातून टेपवर उतरलेली तिची घुमण वेग तपासायला उपयोगी पडते. ती निघाली ४८.५. याचा अर्थ मी असा लावला, की ध्वनिमुद्रणाच्या वेळी कॅसेट डेक जास्त वेगाने फिरत असावा आणि त्यामुळे आता सारे खाली उतरले असावे. मी दोन्ही कॅसेटींचा वेग सुमारे तीन टक्क्यांनी वाढवला आणि काकांना ऐकायला बोलावले.

पहिले कडवे संपायच्या आत त्यांनी हात वर केला. “हा कोण पोरगा गातोय?”

मी घुमणीचे गणित समजावून सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “तुझे गणित बरोबर असेल, पण माझा षड्ज असा दोन पट्ट्यांच्या फटीत कधीच नव्हता. मी पेटीवर सूर धरून गिटार लावायचो. ती पेटी अजून घरी आहे.” तीन टक्के म्हणजे साधारण अर्ध्या सेमीटोनाचा, म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन सुरांमधल्या अंतराच्या निम्मा, फरक; एवढ्याने त्यांच्या आवाजातला खर्ज पातळ झाला होता, हे मला तेव्हा कुठे ऐकू आले.

दुपारी भर पावसात त्यांच्या पुतण्याने पेटी गाडीतून आणली. गेल्या चाळीस वर्षांत ती सुरात लावायला कोणाकडे दिलीच नव्हती. तिची काळी एक वाजवून मोजली, तर प्रमाण सुराच्या नेमकी तितकीच खाली, जितकी दुरुस्तीपूर्वीच्या टेपवरची गिटार! टेपवरचा वेग मुळात बरोबर होता, चुकीचा होता तो माझा ५० चा आकडा.

कारण काकांनीच सुचवले. “संध्याकाळी दिवे मंद व्हायचे, पंखा रेंगाळायचा, आठवते?” त्या काळी संध्याकाळी विजेचा वापर वाढला की ग्रिडची, म्हणजे वीजपुरवठ्याच्या जाळ्याची, वारंवारिता खाली यायची, आजच्यासारखी ५० च्या अगदी जवळ ती तेव्हा राहत नसे. डेकची डीसी मोटर मात्र तिच्यावर अवलंबून नसल्यामुळे टेप योग्य वेगानेच फिरत होती. खात्रीसाठी मी दुसऱ्या कॅसेटमधले शेवटचे गाणे तपासले, जे मध्यरात्रीनंतर गायल्याचे काकांना पक्के आठवत होते. त्यातली घुमण ४९.८ निघाली आणि गिटार पहिल्या गाण्याइतकीच खाली होती. मी एकाच गाण्यातली घुमण मोजून दोन्ही कॅसेटींना तोच हिशेब लावला होता, ही खरी हलगर्जी. प्रत्येक गाणे वेगळे मोजले असते, तर पेटी भिजवायची वेळ आली नसती.

वेगाची दुरुस्ती मी पुसून टाकली. काकांनी पहिले गाणे पुन्हा पूर्ण ऐकले, पेटीचा भाता हलकेच बंद केला आणि चहा मागवला. घुमण काढून टाकण्याचे काम राहिले होते. त्यासाठी ५० वर लावून ठेवलेली गाळणी मी पहिल्या गाण्यापुरती ४८.५ वर आणली आणि पुढची घुमण मोजायला घेतली.