तुम्ही विचारलंत म्हणून: चारशेचा मीटर का चालत नाही?

नवी मुंबईत रबाळे, महापे, तुर्भे, कुठल्याही साइटवर गेलो की चहाच्या वेळी हा प्रश्न येतो. पोरं आधी माझा मल्टिमीटर हातात घेऊन उलटापालटा करतात, किंमत विचारतात, आणि मग स्वतःचा पिवळा मीटर काढून शेजारी धरतात. "काका, हा लॅमिंग्टन रोडवरून चारशेला आणला. तुमच्यावर ४१५ व्होल्ट येतात, माझ्यावर ४१४. मग दहा हजार कशाचे?" कधी कधी हेच पर्चेसवाले साहेब विचारतात, फक्त सूर वेगळा असतो.

रीडिंगचे नाहीत, हे आधी कबूल करून टाकतो. मेंटेनन्सच्या कामात लाईन आहे की नाही आणि तिन्ही फेज सारख्या आहेत की नाही, एवढं कळलं की बहुतेक वेळा भागतं. ते चारशेचा मीटरही सांगतो. दहा हजार जातात ते काहीतरी बिघडेल त्या क्षणी मीटर तुमच्या हातात कसा वागेल, त्यासाठी.

कारखान्याच्या पॅनलवर मीटर लावता तेव्हा पाठीमागे काय उभं आहे ते बघा. १००० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, इम्पीडन्स, म्हणजे त्याचा आतला अडथळा, ५ टक्के धरा. पूर्ण लोडला तो साधारण १३९० अँपिअर देतो. त्याच्याजवळ पक्का शॉर्ट झाला तर हाच आकडा २८ हजारांच्या घरात जातो. घरातल्या सॉकेटपर्यंत येईतो लांब, बारीक वायर या करंटला बरंच आवरते. इनकमर म्हणजे पॅनलमध्ये सप्लाय घेणारा मुख्य ब्रेकर. त्याच्या बसबारवर, म्हणजे जाड पट्ट्यांवर, आवरायला कोणी नसतं. म्हणून घरी जो मीटर वर्षानुवर्षं बिनबोभाट चालला, तो पॅनलवरही चालेल असं धरता येत नाही.

मीटरवर कॅट (कॅटेगरी) दोन, कॅट तीन, कॅट चार असं छापलेलं असतं, ते यासाठी. कॅट दोन म्हणजे सॉकेटवर चालणारी उपकरणं, तीन म्हणजे इमारतीतलं डिस्ट्रिब्युशन, पॅनल, मोटरी, आणि चार म्हणजे जिथून सप्लाय आत येतो ती जागा, मीटर आणि त्याआधीची लाईन. इथे पोरं एका ठिकाणी हमखास फसतात: १००० व्होल्ट लिहिलेला मीटर ६०० वाल्यापेक्षा भारी, असं त्यांना वाटतं. कॅट दोन १००० आणि कॅट तीन ६००, दोघांनाही चाचणीत ६००० व्होल्टचा झटका देतात. पण पहिल्याला तो १२ ओहममधून मिळतो आणि दुसऱ्याला २ ओहममधून. भागाकार करा. पहिल्याच्या वाट्याला ५०० अँपिअर येतात, दुसऱ्याच्या ३०००. पॅनलवर मला ६०० वालाच हवा. असे झटके काही प्रयोगशाळेतच येतात असं नाही. मोठी मोटर बंद होताना, कपॅसिटर बँक आत-बाहेर होताना, किंवा जूनच्या तोंडावर येऊरच्या डोंगराकडे विजा कडाडतात तेव्हाही येतात. आणि लीडवर, म्हणजे मीटरच्या वायरींवर, वेगळं रेटिंग असतं. मीटर कॅट तीन आणि लीड फुटपाथवरची असेल, तर तुमचं रेटिंग लीडचं.

छापलेल्यावर मात्र आंधळा विश्वास ठेवू नका, छापायला पैसे लागत नाहीत. लीड काढा आणि मागचं झाकण उघडा. वाळू भरलेला जाडजूड सिरॅमिक एचआरसी फ्यूज (मोठा शॉर्टचा करंटही तोडणारा) दिसला तर बरं. काचेची २५० व्होल्टची नळी दिसली, तर ४१५ वर ती फुटेल आणि आतला आर्क तसाच चालू राहील. पिवळ्या डीटी ८३० जातीच्या मीटरचं १० अँपिअरचं भोक बघा. तिथे 'अनफ्यूज्ड' असं बारीक अक्षरात लिहिलेलंच असतं, वाचतो कोण?

ते न वाचल्याचा परिणाम मी पाहिला आहे. कारखान्याचं नाव सांगत नाही. कंत्राटदाराच्या एका मुलाने २४ व्होल्ट डीसी सोलेनॉइडचा करंट बघायला लाल लीड १० अँपिअरच्या भोकात घातली होती. काम झाल्यावर डायल व्होल्टवर फिरवला, लीड तिथेच राहिली. मग तो इनकमरवर आर-वाय, म्हणजे रेड आणि यलो फेजमधले व्होल्ट, बघायला गेला. त्या भोकाच्या आत एक जाड तार असते, बाकी काही नाही, म्हणजे त्याने दोन फेज सरळ एकमेकांना जोडल्या. ब्रेकर पडला म्हणून मुलगा वाचला. हाताची कातडी आणि भुवया गेल्या. पॉलिस्टरचा शर्ट बाहीपाशी वितळून चिकटला होता, आणि डॉक्टरांना सगळ्यात जास्त वेळ तोच सोडवायला लागला. त्या मुलाला बेफिकीर म्हणणारे बरेच भेटले. मला ते पटत नाही. लीड विसरणं कोणाच्याही हातून होतं. नीट फ्यूज असलेल्या मीटरमध्ये तेवढ्या चुकीला फ्यूज उडतो, काम थांबतं आणि सुपरवायझरच्या शिव्या बसतात. (मोटरचा करंट बघायचा असेल तर मीटर सिरीजमध्ये घालायचाच कशाला? वायरीभोवती अडकवायचा टाँग टेस्टर घ्या.)

आता चांगला मीटर घेतला की झालं, असंही नाही. मला ४१५ पेक्षा शून्याची जास्त भीती वाटते. ४१५ दिसले तर माणूस हात मागे घेतो, शून्य दिसलं तर पुढे करतो. शून्य लाईन बंद असल्यामुळेच येतं असं नाही. लीड आतून तुटलेली असते, प्रोब, म्हणजे लीडचं टोक, रंगावर टेकलेला असतो, नाहीतर डायल भलतीकडे असतो. व्हीएफडीचं, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचं, उदाहरण घ्या. आतल्या डीसी बसवर सुमारे ५८० व्होल्ट असतात, आणि सप्लाय बंद केला तरी ते उतरायला काही मिनिटं लागतात. डायल एसीवर राहिला तर बहुतेक मीटर तिथे शून्याच्या आसपासच दाखवतात. म्हणून कव्हरवर लिहिलेली मिनिटं थांबायचं, आणि मग डीसीवर मोजायचं. कपॅसिटर बँकेचंही तेच. आत डिस्चार्ज रेझिस्टर असतात, तीन मिनिटांत ७५ व्होल्टच्या खाली आणायचं त्यांचं काम, पण रेझिस्टर जळालेला असेल तर ते बाहेरून दिसत नाही.

त्यामुळे मी आधी चालू असलेल्या पॉइंटवर मीटर लावतो, मग बंद केलेल्या जागी, मग पुन्हा चालू पॉइंटवर. शेवटच्या वेळेला पोरं हसतात. पण मधल्या मोजणीतच लीड गेली असेल, तर ते त्या शेवटच्या वेळेलाच कळतं. फेज-फेज, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, आणि न्यूट्रल-अर्थसुद्धा. महावितरणचा सप्लाय बंद म्हणजे सगळं बंद, हे पूर्वी बऱ्यापैकी खरं होतं. आता त्याच पॅनलवर डीजी (डिझेल जनरेटर) असतो, छतावर सोलर असतं, महाप्याच्या आयटी युनिटमध्ये यूपीएस असतो, आणि कोण कुठून मागून येईल सांगता येत नाही. आयसोलेटरला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची.

उलटही होतं. ट्रेमध्ये चालू केबलशेजारून बंद केबल गेली असेल तर डिजिटल मीटर तिच्यावर साठ-ऐंशी व्होल्ट दाखवतो. ते नुसतं शेजारच्या केबलमुळे आलेलं असू शकतं, पण तसं समजून हात घालू नका. लो-झेडवर (मीटर स्वतः थोडा करंट ओढतो ती सेटिंग) टाका किंवा टेस्ट लॅम्प लावा. खोटे व्होल्ट असतील तर बसतील, खरे असतील तर दिवा लागेल.

निऑन टेस्टरबद्दल फार बोलत नाही. तो तुमच्या शरीरातून जमिनीकडे जाणाऱ्या किंचित करंटवर पेटतो. रबर मॅटवर, सेफ्टी शूज घालून, भर उन्हात तो दिसला नाही, तर त्यावरून काहीही ठरवू नका.

बाकी जे सांगायचं ते तुम्हाला आयटीआयमध्ये सांगितलेलंच असतं: अंगठी, कडं, साखळी काढा, सुती कपडे घाला, काळी लीड क्लिपने आधी अडकवा म्हणजे एक हात मोकळा राहतो, पावसाळ्यात घामट हातांनी प्रोबच्या गार्डच्या पुढे बोटं नेऊ नका.

राहता राहिले दहा हजार. हेल्परच्या पगारात ते बसत नाहीत, मला माहीत आहे, आणि माझ्या मते त्याने ते द्यायचेही नसतात. वर्क ऑर्डरमध्ये टूल्स अँड टॅकल्स कंत्राटदाराकडे अशी एक ओळ जवळजवळ नेहमी असते. तिच्याखाली ड्रिल मशीनचं वर्णन वॅटसकट लिहिलेलं सापडतं, आणि मीटरपुढे नुसतं 'एक नग'. पुढच्या ऑर्डरला तिथे कॅट तीन ६०० व्होल्ट, एचआरसी फ्यूज, त्याच रेटिंगच्या लीड्स, असं लिहायला लावा. पर्चेसवाले साहेब, हे तुमच्यासाठीही.