बाकावर बसलेली मुलगी
आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंबरोबर आज पुण्यातल्या एका पोलीस ठाण्यात गेले होते. मनगटावरचे वळ त्या पदराखाली झाकत होत्या आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी पाठीवरचे दप्तर न काढताच बाकावर बसली होती. ‘नवरा-बायकोचं भांडण आहे, घरी मिटवा,’ एवढेच उत्तर मिळाले. वास्तविक, कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ याच्या कलम ५ नुसार पीडितेला संरक्षण अधिकारी (अशा महिलांच्या मदतीसाठी सरकारने नेमलेला अधिकारी), मोफत विधी साहाय्य आणि न्यायालयाचा संरक्षण आदेश यांची माहिती देणे हे पोलिसांचे कर्तव्यच आहे; ती मागूनही मिळू नये, याचा मनापासून संताप आला. न्यायालयात अर्ज दाखल झाल्यावर पहिली सुनावणी सामान्यतः ३ दिवसांत व्हावी, असेही हाच कायदा सांगतो. उद्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे जाणार आहोत. ताईंनी बाकीच्या घरी खाडा सांगून ठेवला आहे.