सी टाइमचं पत्र आणि तीन तासांची झोप

जहाजावरून उतरल्याला सव्वा महिना झाला होता, फर्स्ट मेटच्या परीक्षेचा अर्ज भरायचा होता आणि माझं सी टाइमचं पत्र, म्हणजे जहाजावर किती दिवस काम केलं त्याचा दाखला, बेलापूरच्या एका मॅनिंग ऑफिसात (जहाजांना माणसं पुरवणारी कचेरी) अडकून पडलं होतं. मेडिकल झालं, कोर्स झाले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. अडलं ते एका सहीपाशी.

मी फीडर, म्हणजे छोट्या कंटेनर जहाजावर सेकंड मेट होतो, कॅप्टन आणि चीफ मेटनंतरचा अधिकारी. मुंद्रा, न्हावा शेवा, कोलंबो, की पुन्हा तेच. समुद्रात माझा वॉच, म्हणजे जहाज चालवतात त्या ब्रिजवरची पाळी, बारा ते चार, दुपारी आणि मध्यरात्री. बंदरात सहा तास कार्गो, सहा तास सुट्टी. शिवाय जहाज लागताना-सुटताना आफ्ट स्टेशनला, म्हणजे मागच्या टोकाला दोऱ्यांवर, सेकंड मेट लागतोच. एका दिवसाचा हिशेब देतो. रात्री १२ ते ४ वॉच, ४.३० ते ७.३० स्टेशन, दुपारी १२ ते ६ कार्गो, रात्री ९.३० ते ११.३० परत स्टेशन, आणि १२ ला ब्रिजवर. काम १५ तास. उरलेले ९ तास चार तुकड्यांत, सगळ्यात मोठा तुकडा साडेचार तासांचा. चार्ट करेक्शन, म्हणजे सागरी नकाशांच्या दुरुस्त्या, यात धरलेलंच नाही. एसटीसीडब्ल्यू या खलाशांसाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा नियम म्हणतो, कोणत्याही २४ तासांत किमान १० तास विश्रांती, ती फार तर दोन भागांत, त्यातला एक सलग ६ तासांचा. आणि ७ दिवसांत ७७ तास. म्हणजे पहिल्या तिन्ही अटींत हा दिवस नापास.

असा दिवस विश्रांतीच्या तक्त्यात खरा भरला की सॉफ्टवेअरमधला चौकोन लाल होतो. लाल दिसलं की बंदरात जहाज तपासणाऱ्या पोर्ट स्टेट कंट्रोलवाल्याला आयतंच सापडतं. मग वरून निरोप येतो, "जरा बघून भर."

मी खरं तेच भरत गेलो. शूरपणा नाही, एका रात्रीची भीती. ब्रिजवर बीएनडब्ल्यूएएस नावाचा गजर असतो. ठरावीक मिनिटांनी बटण दाबायचं. नाही दाबलं तर आधी दिवा लागतो, मग ब्रिजवर भोंगा, मग कॅप्टनच्या केबिनमध्ये. पहाटे तीनच्या सुमारास लुकआउटने, म्हणजे सोबत नजर ठेवणाऱ्या खलाशाने, विचारलं, "सेकंड साब, वो फिशिंग बोट देखा ना?" मी पाहिली नव्हती. बटण मात्र दर वेळी दाबलं होतं, उभ्याउभ्याच, खिडकीखालच्या दांड्याला धरून. हाताला सवय झाली होती, डोळे कुठे होते कुणास ठाऊक.

तर, उतरलो न्हावा शेव्यालाच, घाईघाईत, आणि शेवटच्या महिन्याच्या विश्रांतीच्या तक्त्यावर माझी सही राहिली. इथे मी चुकलो. तुमची नि कॅप्टनची सही असलेल्या सगळ्या महिन्यांच्या प्रती गँगवे उतरण्याआधी बॅगेत हव्यात. मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शनप्रमाणे ती प्रत तुमचा हक्क आहे.

पहिल्या फेरीला काउंटरवरच्या मॅडमनी तक्ता पुढे सरकवला. "सर, एवढी सही करून टाका, फाइल क्लोज होते. पत्र तयारच आहे." खरंच तयार होतं, त्यांच्या कीबोर्डखाली पारदर्शक फोल्डरमध्ये. माझं नाव उलटं वाचता येत होतं. तक्ता पाहिला तर सगळा हिरवागार. पहाटे ४.३० ते ७.३० मी म्हणे झोपलेलो.

"मॅडम, या वेळी मी दोऱ्यांवर होतो."

"सिस्टिममध्ये असंच आहे."

"जहाजाच्या डेक लॉगमध्ये बंदराचा पायलट ५ ला चढल्याची नोंद आहे. मी झोपलो होतो तर मागे कोण उभं होतं?"

"ते टेक्निकलला विचारावं लागेल. ते जेवायला गेलेत."

घड्याळात अकरा पन्नास.

दुसऱ्या फेरीला सर्व्हर डाऊन. त्या दिवशी तर मी वेळेवर पोचलोच नाही. लोकलने नेरूळहून बेलापूर म्हणजे मधे एकटं सीवूड्स स्टेशन, तेवढ्यात डोळा लागला आणि जाग आली ती पनवेलला. घरी रात्री बाराला मात्र टक्क जागा. आई विचारायची, "अरे, घरी आलायस की अजून बोटीवरच आहेस?"

तिसऱ्या फेरीला आतले साहेब भेटले. चहा मागवला, सूर समजुतीचा. "अरे, तीन तासांचाच तर प्रश्न आहे. सगळेच करतात." मी शेन नेंग १ ची आठवण करून दिली. एप्रिल २०१० मध्ये हे कोळशाचं जहाज ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर चढलं. वॉचवरच्या चीफ मेटला आधीच्या साडेअडतीस तासांत झोप मिळाली होती अडीच तास. कोर्स बदलायचा राहून गेला. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते चायनीज जहाज होतं."

चहा अर्धा टाकून उठलो. तोंडाने भांडण्यात तीन फेऱ्या घालवल्या, हे माझं चुकलं. पहिल्याच दिवशी मेल करायला हवा होता, आणि तोही ऑफिसला नाही, डीपीएला, म्हणजे डेझिग्नेटेड पर्सन अशोरला. जहाजांच्या सुरक्षेच्या आयएसएम कोडप्रमाणे प्रत्येक कंपनीने किनाऱ्यावर असा एक माणूस नेमायचा असतो, त्याचा संपर्क जहाजाच्या नोटीस बोर्डावर असतो. चढल्याच्या दिवशीच त्याचा फोटो काढून ठेवा. माझा पहिला मेल दोन पानी झाला होता. बायकोने वाचून सांगितलं, "हा निबंध पाठवू नकोस." मग चार ओळी. सही करायला तयार आहे, नोंद डेक लॉगशी जुळवून द्या, माझ्या डायरीची पानं सोबत जोडली आहेत, प्रत युनियनला. डायरी नसती तर माझ्या शब्दाला काय किंमत होती?

सोमवारी मेल, बुधवारी मॅडमचा फोन. "सर, करेक्टेड शीट आलंय." गेलो तर तक्त्यात अकरा चौकोन लाल. लाल बघून इतका खूश झालेला माणूस त्या काउंटरने पाहिला नसेल. सही ठोकली, प्रत मागून घेतली, पत्र घेतलं. मॅडम हसून म्हणाल्या, "झालं ना सर एकदाचं?"

लिफ्टपाशी सीडीसीतल्या, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तकातल्या, शिक्क्याशी तारखा ताडून पाहिल्या. पत्रात उतरल्याचा दिवस एकाने कमी. परत काउंटरला गेलो. मॅडम जेवायला गेल्या होत्या.