चार हजारांची कणगी

अमेरिकेत, ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये मी घरातलं सामान विकून देणाऱ्या एका लहानशा कंपनीत आहे. घरातलं म्हातारं माणूस गेलं की मुलं आम्हाला बोलावतात. वाटी-चमच्यापासून सोफ्यापर्यंत सगळ्याला किमतीच्या चिठ्ठ्या लावायच्या आणि शनिवारी दार उघडायचं.

त्या घरात दिवाणखान्याच्या कोपऱ्यात एक कणगी उभी होती. मला दुसरा शब्दच सुचला नाही. 31 इंच उंच, फुगीर पोट, आवळलेला गळा, अंगभर काळी माणसं आणि घोडे, वर खास दिवा.

"अपाची आहे. बाबांनी 4000 डॉलर मोजले होते," मुलगा म्हणाला.

अपाची ही इथली मूळ रहिवासी जमात. घाट अपाचीच होता. सान कार्लोस आणि व्हाइट माउंटन भागातल्या बायका धान्यासाठी अशा टोपल्या विणत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाहेरचे लोक त्या शोभेसाठी विकत घेऊ लागले. त्या विणीत आत विलोच्या झाडाच्या तीन बारीक काड्या एकत्र धरलेल्या असतात. त्यांची चुंबळीसारखी वेटोळी चढवत जायची आणि चिरलेल्या विलोने प्रत्येक वेढा खालच्याला शिवायचा. काळा रंग हा रंग नसतोच. डेव्हिल्स क्लॉच्या वाळलेल्या, आकड्यांसारख्या शेंगेची ती साल. आपली वाघनखी याच कुळातली. लहानपणी आम्ही ती नखं बोटांना अडकवून एकमेकांना घाबरवायचो.

ही टोपली उचलली तेव्हाच हाताला पोकळ वाटली. खिडकीकडची काळी माणसं विटून तपकिरी झाली होती, भिंतीकडची मात्र काळीकुट्ट. उलटी केली. बुडाशी एक टाका तुटला होता आणि आतून गवताचा झुपका डोकावत होता. काड्या कुठेच नाहीत. माझ्या प्रयागराजच्या सासूबाईंचा मुंज गवताचा पोळ्यांचा डबा असाच तुटतो! बाजूला खरवडलेल्या स्टिकरचा चिकट चौकोनही होता.

ही नक्कल आहे हे मुलाला सांगताना जीभ जड झाली. तो बराच वेळ त्या चौकोनावरून अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "तरी अपाचीच लिहा ना, कोणाला कळतंय?"

मी नाही म्हटलं. मूळ रहिवाशांनी न केलेली वस्तू त्यांची म्हणून विकणं 1990च्या कायद्याने गुन्हा आहे. आमच्या कंपनीचे मालक म्हणाले, 'अपाची-स्टाइल' लिहू. मला तेही पटेना. तो जोडशब्द गिऱ्हाईक अर्धाच वाचतं. एखादी बाई महिनोन्‌महिने काड्या सोलत बसते आणि भाव तिचा पाडतात तो या गवताच्या टोपल्यांनीच. शेवटी मी चिठ्ठी लिहिली: 'मोठी विणलेली टोपली, गवताची, रंगवलेली. 60 डॉलर.'

शनिवारी दार उघडताच एक बाई थेट तिच्याकडे गेली. पर्समधून टेप काढून उंची मोजली, मग घेर.

"शेकोटीशेजारी बरोब्बर बसेल," ती म्हणाली आणि चिठ्ठी न वाचताच टोपली काखेत मारली. पैसे देताना तिने विचारलं, "अपाची ना?"

मी चिठ्ठी तिच्यासमोर धरली. तिने वाचली.

"असू दे. उंची बरोबर आहे," ती म्हणाली.