स्लीव्ह की बायपास? माझ्या घशाचं आणि गुडघ्याचं भांडण

खानापुरात माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. गळ्यातला टेप ६० इंचांचा. दोन वर्षांपूर्वी एकदा सहज स्वतःच्या पोटाला लावून बघितला, तर दोन टोकं जेमतेम भेटली. वजन १२६ किलो, उंची पाच फूट दोन इंच, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, पन्नाशीच्या वर. साखर होतीच. चालणं, काढे, रात्रीचं जेवण बंद, सगळं करून झालेलं. दहा किलो जायचे, बारा परत यायचे.

बेळगावात वजन उतरवायच्या ऑपरेशनसाठी आधी ज्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी दहा मिनिटांत "स्लीव्ह करून टाकूया" म्हणून सांगितलं. त्यात जठराचा पाऊण भाग किंवा त्याहून जास्तच कापून काढतात, केळ्यासारखी नळी उरते. भूक लावणारं घ्रेलिन हार्मोन जिथं जास्त तयार होतं तो भागही जातो. आतड्याला हात लावत नाहीत. मला सोपं वाटलं, तारीखही मिळत होती. पण रात्री मी दोन उशा घेऊन का झोपते, हे कुणी विचारलंच नाही.

ते दुसऱ्या ठिकाणी विचारलं. "अक्का, आंबट पाणी घशाशी येतं काय?" येतं म्हणजे, वर्षानुवर्षं येतं! एंडोस्कोपी झाली. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला सूज, शिवाय हायटस हर्निया, म्हणजे जठराचा थोडा भाग छातीकडं वर सरकलेला. डॉक्टरांनी रिपोर्टच्या पाठीमागं पेनानं दोन पोटं काढली. स्लीव्हची नळी अरुंद, आत दाब वाढतो, आंबट वर ढकललं जातं. आधीच त्रास असेल तर तो आणखी वाढू शकतो. बायपासमध्ये वरच्या बाजूला लिंबाएवढी पिशवी करून आतडं तिला जोडतात. बाकीचं जठर आतच राहतं, पण अन्न तिकडं जात नाही. घशाला आराम, आणि साखरेलाही बायपासचा गुण जास्त.

ठरलं म्हणेपर्यंत त्यांनी विचारलं, "गुडघ्याला काय घेता?" मी पर्समधून पाकीट काढलं. डायक्लोफिनॅक, दुखण्यावरची गोळी, दिवसाला दोन. त्यांनी पेन खाली ठेवलं. बायपासनंतर या गोळ्यांनी जोडाच्या जागी अल्सर, म्हणजे जखम होऊ शकते, कधी रक्त जातं, कधी भोकही पडतं. तंबाखूचंही तेच. माझं माहेर निपाणीकडचं, मिश्री लग्नाआधीपासूनची. तेही कबूल केलं.

म्हणजे घसा म्हणतोय बायपास, गुडघा म्हणतोय स्लीव्ह. पंधरा दिवस मी नुसती काजं करत बसले. मिनी बायपासचंही विचारलं. त्यात जोड एकच, पण पित्त वर येण्याची भीती, म्हणून माझ्यासाठी नको म्हणाले. जठरात ठेवतात तो फुगा साधारण सहा महिन्यांनी काढतात, पुढं काय? जठराला वरून आवळणारा बँड तर आता फारसं कुणी घालत नाही.

शेवटी हिशोब असा केला: वजन उतरलं की गुडघ्यावरचं ओझं उतरणार, गोळी कमी लागणार. स्लीव्हनं बिघडलेला घसा मात्र वजन उतरूनही ऐकेलच असं नाही. म्हणून बायपासच. गोळ्या बंद. दुखलं तर पॅरासिटामॉल, शेक, व्यायाम. मिश्री सोडायला तीन महिने लागले, आणि ते ऑपरेशनपेक्षा जड गेलं.

विम्याचा एजंट "ही हौसेची सर्जरी" म्हणत होता. तसं नाही. बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत गंभीर आजार, शिवाय आधीचे उपाय फसलेले असतील तर पॉलिसीच्या अटींत बसतं. कागद जमवायला मात्र दम निघाला. संमतीपत्र इंग्रजीत आणि कन्नडमध्ये. माझं कन्नड बाजारापुरतं, म्हणून लेकीनं एकेक ओळ मराठीत सांगितली. "आई, जन्मभर व्हिटॅमिन घ्यायचं लिहिलंय, घेशील काय?" बी-१२, लोह, कॅल्शियम, डी. घेतेय.

ऑपरेशनआधी दोन आठवडे यकृत लहान व्हावं म्हणून प्रोटीनवर काढले, नंतर दोन आठवडे पातळ. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गेले, पुढं परत आले.

एकदाच चुकले. नणंदेच्या मुलीच्या साखरपुड्यात दोन चमचे कुंदा, आमच्याकडची दुधाची मिठाई, खाल्ला. वीस मिनिटांत छाती धडधडायला लागली, घामानं पदर ओला, डोळ्यांपुढं अंधारी. मांडवामागच्या खोलीत गालिच्यावर आडवी झाले. सासूबाई म्हणाल्या, "दृष्ट लागली गं." गोड एकदम आतड्यात उतरलं की असं होतं, त्याला डम्पिंग म्हणतात, हे त्यांना कोण सांगणार?

आज चौदा महिने झाले. वजन ८६. झोपायला उशी एकच. गुडघा जिना चढताना अजून बोलतो. परवा मेडिकलमधल्या पोरानं सवयीनं जुन्या गोळ्यांचं पाकीट पिशवीत टाकलं. मी ते काढून काउंटरवर परत ठेवलं. "काकी, बंद केलात?" म्हणाला, आणि बिलातले पैसे वजा करत बसला.