तिथी पाहून समुद्रात: सोलापूरहून अंदमानच्या बेटांवर

सोलापुरातून अंदमानला जायचे असेल, तर जानेवारीत संक्रांतीला भरणारी सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आटोपल्यानंतरचा काळ सर्वांत सोयीचा. फेब्रुवारीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत तिथला समुद्र बहुतेक शांत आणि पाणी नितळ असते. मे महिन्याच्या उत्तरार्धात मात्र नैऋत्य मोसमी पाऊस देशात सर्वांत आधी तिथेच पोहोचतो आणि मग बोटी कधी सुटतील याचा भरवसा राहत नाही. आम्ही चौघे मित्र पाठीवर एकेक सॅक घेऊन फेब्रुवारीत गेलो. सोलापूर ते चेन्नई रेल्वे आणि चेन्नईहून दोन-सव्वादोन तासांचे विमान हा मार्ग आम्हांला खर्चाच्या आणि वेळेच्या दृष्टीने बरा वाटला. चेन्नईहून जहाजही जाते, पण त्याला सुमारे तीन दिवस लागतात आणि महिन्यातून फेऱ्या थोड्याच असतात, त्यामुळे मोजकी रजा असलेल्याने त्या वाटेला जाऊ नये.

नावांचा गोंधळ आधीच निस्तरून ठेवावा. पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाले, तर हॅवलॉक आणि नील ही बेटे २०१८ पासून अनुक्रमे स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप म्हणून ओळखली जातात. सरकारी कागदावर नवे नाव आणि लोकांच्या तोंडी जुने, अशी स्थिती असल्याने दोन्ही ठाऊक असलेली बरी. मी पुढे बोलण्यातलीच नावे वापरली आहेत.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे सहलीची तारीख सुट्टी पाहून ठरते. बेटांवर पोहायला जाणाऱ्याने ती तिथी पाहून ठरवावी, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास समुद्राला उधाण येते, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही तितकीच खोल असते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते आणि पाण्याच्या पातळीतला फरक बराच कमी होतो. नील बेटावरील भरतपूरचा किनारा अत्यंत उथळ आहे. उधाणाच्या दिवसांत ओहोटी लागली की तिथले पाणी गुडघ्यापर्यंत उतरते, प्रवाळ उघडे पडू लागतात आणि मग पोहणे तर दूरच, पाय ठेवायलाही निर्धोक जागा उरत नाही. ठेवलाच तर आपला तळवा आणि प्रवाळ या दोघांचेही नुकसान होते. भांगाच्या दिवसांत तोच किनारा बराच वेळ पोहण्याजोगा राहतो आणि प्रवाहाचा जोरही कमी असतो. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे काल दहाला पाण्यात उतरलो म्हणून आजही दहालाच उतरू, असे धरून चालता येत नाही. मुक्कामाच्या ठिकाणी पहिली चौकशी भरतीच्या वेळेची करावी, जेवणाची नंतर.

याला एक अपवाद आहे. हॅवलॉकच्या आसपास रात्री पाणी ढवळले की सूक्ष्म जीवांमुळे ते निळसर चमकते आणि ते पाहण्यासाठी वाटाड्यासह कयाकमधून, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीतून, नेण्याची सोय आहे. चांदणे असेल तर ती चमक जवळजवळ दिसतच नाही. म्हणून आम्ही अमावास्येच्या आगेमागे हॅवलॉक आणि शुद्ध अष्टमीच्या सुमारास नील, असा क्रम लावला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर एवढे पाहून मगच तिकिटे काढावीत. तिथे गेल्यावर क्रम बदलणे बोटींच्या आरक्षणामुळे अवघड जाते.

वेळेबाबत आणखी एक गोष्ट. अंदमान सोलापूरच्या पूर्वेला सुमारे सतरा रेखांश आहे, पण घड्याळ तेच. परिणामी सूर्य आपल्यापेक्षा तासाभराहून अधिक आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. फेब्रुवारीत साडेपाचच्या सुमारास सूर्यास्त होतो. दुपारी चारला समुद्रात उतरण्याचा बेत म्हणजे सोलापुरी पाचचा बेत, हे ध्यानात घेऊन सकाळचाच वेळ पाण्यासाठी राखावा.

आमच्यातला एक जण मोहोळकडच्या विहिरीत पोहायला शिकलेला. विहिरीत सूर मारून, हातपाय जोरात मारत काठ गाठण्याची त्याची सवय समुद्रात उपयोगी पडेना, कारण तो जिथे जाई तिथून मासे निघून जात. स्नॉर्कलिंगमध्ये, म्हणजे डोळ्यांवर मास्क आणि तोंडात श्वासाची नळी (स्नॉर्कल) लावून पाण्याखालचे पाहण्यात, पोहण्यापेक्षा तरंगणे महत्त्वाचे असते: पालथे पडावे, हात अंगाशी घ्यावेत, पायांतल्या फिन्स (रबरी पंख) हलकेच हलवाव्यात आणि तोंडाने सावकाश श्वास घ्यावा. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी लाइफ जॅकेट घालून हेच करावे. निघण्यापूर्वी इथल्या जलतरण तलावात मास्क आणि स्नॉर्कल लावून आठवडाभर सराव केला, तर तिथे पहिला दिवस धापा टाकण्यात जात नाही. मिशा राखणाऱ्यांसाठी विशेष सूचना: दाट मिशी असेल तर मास्क नाकाखाली नीट चिकटत नाही आणि पाणी आत शिरत राहते. वरच्या कडेने मिशी थोडी कातरून घ्यावी. रुबाब परतल्यावर वाढवता येतो.

नीलवर एका सकाळी भरती चढत असताना सागरी गवताच्या पट्ट्यावर हिरवे कासव चरताना दिसले. त्याचे कवच अडीचएक फूट लांब असावे. मान पुढे काढून ते गवताची पाती मुळाजवळून कचाकच तोडत होते, तोंडाच्या कडेने हिरवे तुकडे बाहेर पडत होते आणि ते टिपायला बोटाएवढे मासे त्याच्या गळ्याशी घुटमळत होते. काही मिनिटांनी त्याने चरणे थांबवले, पुढचे वल्ह्यासारखे पाय एकदाच हलवून ते तिरके वर आले, पाण्याबाहेर नाक काढून फुस्कन श्वास टाकला आणि पुन्हा त्याच जागी उतरून चरू लागले. आम्ही चार-पाच मीटर अंतर राखून बाजूला तरंगत होतो, तोवर त्याने आमची दखलही घेतली नाही. मग दुसऱ्या गटातील एक गृहस्थ कॅमेरा घेऊन थेट त्याच्या माथ्यावरून खाली उतरले आणि कासव क्षणात खोल पाण्याकडे निघून गेले. कासव फुप्फुसाने श्वास घेते, त्याला वर यावेच लागते. म्हणून त्याच्या वर थांबू नये, वाट अडवू नये आणि हात तर मुळीच लावू नये.

हॅवलॉकवरचा एलिफंट बीच प्रसिद्ध आहे, परंतु सकाळी उशिरा तिथे जत्रा भरते. वाटाडे लोक पर्यटकांना रबरी चाकाला धरून ओढत नेतात आणि मासे जवळ यावेत म्हणून काही जण बिस्किटे टाकतात. बिस्किटे टाकू देऊ नयेत. नम्रपणे सांगितले तर ऐकतात. पोपटमासा दगडी चोचीने प्रवाळ खरवडताना होणारा कर्रकर्र आवाज पाण्याखाली कानाला स्वच्छ ऐकू येतो, पण तो ऐकायला पहिल्या बोटीनेच जायला हवे. पोर्ट ब्लेअरजवळच्या वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातील जॉली बॉय बेटावर प्लॅस्टिकच्या बाटल्या नेता येत नाहीत, त्यामुळे धातूची बाटली सोबत असावी आणि परवान्याची व्यवस्था आधीच करावी.

धोक्यांविषयी मोघम बोलून उपयोग नाही. अंदमानात खाऱ्या पाण्यातील मगरी आहेत आणि २०१० मध्ये हॅवलॉकवर अशाच मगरीच्या हल्ल्यात एका परदेशी पर्यटक महिलेचा मृत्यू झाला. खाडीच्या तोंडाशी, खारफुटीजवळ आणि अंधार पडल्यावर पाण्यात उतरू नये. किनाऱ्यावरील फलक आणि जीवरक्षक यांचे ऐकावे. तळाला पाय टेकवू नयेत, कारण दगडासारखा दिसणारा दगडमासा विषारी काट्यांचा असतो. स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल डुबकी, करणार असाल तर कानातला दाब पहिल्या मीटरपासूनच मोकळा करत जावे, सर्दी असेल तर तो बेत सोडावा आणि शेवटच्या डुबकीनंतर विमान पकडण्यापूर्वी किमान अठरा तास जाऊ द्यावेत.

सामान जितके कमी तितके बरे. सोलापुरी चादर घरीच ठेवावी. जाड टॉवेलही दमट हवेत वाळत नाही, त्याऐवजी पातळ पंचा न्यावा. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा आवश्यक आहे, कारण पालथे तरंगताना मान आणि गुडघ्यामागची कातडी भाजून निघते. किनाऱ्यावरच्या वाळूमाश्या चावतात, त्यासाठी मलम ठेवावे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आम्ही सॅकमधून नेली होती आणि पहाटेच्या बोटीच्या दिवशी, जेव्हा काहीच उघडे नसते, तेव्हा तिचाच आधार झाला. शाकाहारी जेवण दोन्ही बेटांवर मिळते. हिंदी सगळीकडे चालते. लहान बेटांवर एटीएम मोजकी आहेत, म्हणून रोख रक्कम पोर्ट ब्लेअरलाच काढावी.

शंख किंवा प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा उचलून आणू नये. प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि विमानतळावर सामानाच्या तपासणीत असे तुकडे काढून घेतले जातात; शंख हवाच असेल तर परवानाधारक दुकानातून घेऊन पावती जपून ठेवावी. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्रीचा मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच असावा, कारण खराब हवामानात बेटांवरची बोट रद्द झाली तर दुसरा मार्ग नसतो, आणि चेन्नईहून सोलापूरच्या गाडीचे आरक्षणही विमान पोहोचण्याच्या दिवशीचे न काढता दुसऱ्या दिवशीचे काढावे.