आमची वाटचाल: सोनेरी कमानीपासून कापडी भिंतीपर्यंत

प्रदर्शनातले स्टॉल सजवण्याच्या आमच्या धंद्याचं मूळ गणपतीच्या देखाव्यात आहे. वडील पेठांमधल्या मंडळांसाठी थर्मोकोलचे महाल उभारायचे आणि मी शाळेत असल्यापासून तापलेल्या तारेने खांब कापायचो. अनंत चतुर्दशी झाली की कारागीर रिकामे. अशातच भोसरी एमआयडीसीतल्या एका गिअर बनवणाऱ्या कारखानदारांनी विचारलं, "प्रदर्शनात आमचा स्टॉल सजवून द्याल का?" वडील लगेच हो म्हणाले. स्टॉल म्हणजे नेमकं काय, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

जागा तीन बाय तीन मीटर. ॲल्युमिनियमच्या खांबांत बसवलेल्या पांढऱ्या फळ्या, वर नावाची पट्टी, एक टेबल, दोन खुर्च्या, दोन दिवे आणि एक प्लग, एवढं आयोजकांकडून मिळतं. त्यात आम्ही मंडळाची सगळी हौस ओतली. प्लायवूडची सोनेरी कमान, वेलबुट्टी, फिरते दिवे! शेट सज्जन. ठरलेले पैसे दिले आणि म्हणाले, "लोक फोटो काढून गेले हो, गिअरचा भाव कुणी विचारला नाही."

पुढची बरीच वर्षं प्लाय, लॅमिनेट आणि फ्लेक्समध्ये गेली. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून माल आणायचा, हॉल ताब्यात आला की रात्रभर ठोकाठोक करायची, पहाटे रंग द्यायचा. उद्घाटनाला पाहुणे यायचे तेव्हा रंगाचा वास दरवळत असायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्रदर्शन संपलं की त्याच रात्री सगळं फोडून भंगारात. आमच्या सुतारकाकांना ते बघवायचं नाही, ते आधीच चहाला निघून जायचे.

2018 मध्ये राज्यात प्लास्टिक आणि थर्मोकोलवर बंदी आली आणि देखाव्यांचं आमचं जुनं काम बसलं. 2020 मध्ये प्रदर्शनंच थांबली. चिंचवडच्या ज्या ऑटो क्लस्टरमध्ये आम्ही स्टॉल उभारायचो, तिथे कोविड रुग्णालय झालं. त्या काळात दुकानांच्या काउंटरवर लावायचे ॲक्रिलिकचे पडदे बनवून पगार भागवले.

पुन्हा सुरुवात केली ती कापडाने. ॲल्युमिनियमच्या चौकटीला खाच असते; छापलेल्या कापडाच्या कडेला सिलिकॉनची पट्टी शिवलेली असते, ती त्या खाचेत दाबायची. मागे एलईडी लावले की अख्खी भिंत उजळते. काम संपलं की कापडाची घडी पिशवीत, चौकट पुढच्या स्टॉलला. ऐकायला सोपं. पहिल्या वेळी आम्ही कापड चौकटीच्या अगदी मापाचं शिवून घेतलं आणि भिंतीला झोळ पडला. कापड थोडं आखूड लागतं, म्हणजे ताणून बसतं. आधी चारही कोपरे दाबायचे, मग मधला भाग. ही अक्कल एका रात्रीच्या जागरणाने आली.

एलईडी वॉलनेही, म्हणजे दिव्यांच्या ठिपक्यांनी चित्र दाखवणाऱ्या मोठ्या पडद्यानेही, असंच शिकवलं. दोन ठिपक्यांमधलं अंतर जितके मिलिमीटर, साधारण तितके मीटर लांबून चित्र नीट दिसतं. आम्ही स्वस्तात मिळाली म्हणून पाच मिलिमीटरची वॉल तीन मीटरच्या स्टॉलमध्ये लावली. गिऱ्हाइकाच्या मशीनचा व्हिडिओ ठिपक्यांची रांगोळी दिसत होता. आता लहान जागेत साधा मोठा टीव्ही लावतो, आणि पुष्कळदा तोही नको म्हणून सांगतो.

सध्या मोकळ्या जागेची चलती आहे. काउंटर तोंडाशी आडवा घातला की माणूस बाहेरूनच पत्रक घेऊन सटकतो, म्हणून तो कडेला. नाव डोक्यांच्या वर, मजकूर चार शब्दांचा. मशीनवर पांढरा उजेड, बसायच्या कोपऱ्यात पिवळसर. कुंड्या नर्सरीतून भाड्याने. ब्रँडच्या कार्यक्रमांना मात्र हिरव्या गवताची भिंत आणि त्यावर निऑनमधलं वळणदार वाक्य लागतंच. मला ते अजिबात आवडत नाही, पण करून देतो. तिथे लोक फोटोसाठीच रांग लावतात आणि बोलावणाऱ्याला तेच हवं असतं.

गिअरवाले शेट अजून आमच्याकडेच येतात. त्यांच्या स्टॉलवर आता एक गिअर, एक दिवा आणि चार खुर्च्या असतात. सोनेरी कमान गोडाऊनमध्ये आहे. एक मंडळ दर गणपतीत ती भाड्याने नेतं, आणि भाडं दिवाळीनंतर देतं.